मामावर गेलेला कासार

आमच्या घरात सकाळी कोंबड्याआधी बांगड्या वाजायच्या. त्र्यंबकला देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत पुढे दुकान, मागे घर आणि मध्ये एक गोणपाटाचा पडदा, एवढाच आमचा संसार. अण्णा, म्हणजे माझे वडील, उजाडताच नवा माल तपासायला बसत. डाव्या हाताच्या बोटांत बांगड्या अडकवायच्या, उजव्या हाताच्या नखाने एकेकीला टिचकी मारायची आणि कान द्यायचा. धड बांगडी खणकन बोलते. केसाएवढी चीर गेलेली बद्द वाजते. बद्द वाजली की अण्णा ती बाजूला ठेवत, पण ती फुटली असं म्हणायची सोय नव्हती. बांगडी फुटत नाही, वाढते, हे आमच्याकडे बाराखडीच्या आधी शिकवलं जाई. मी लहान असताना एकदा पडद्यामागून "अण्णा, फुटली" म्हणून ओरडलो आणि त्या दिवशी दुपारपर्यंत दुकानात गिऱ्हाईक फिरकलं नाही. त्याचं खापर माझ्यावर फुटलं. खापराला फुटायची मुभा होती.

आम्ही जातीचे कासार. यात्रेकरू बायका कुशावर्तावर स्नान करून, दर्शन घेऊन परतीला लागल्या की ओल्या केसांनी आमच्या दुकानाशी थांबत. हातात काकणं भरल्याशिवाय गावी गेलं तर तीर्थ अर्धं राहिलं असं मानणाऱ्या त्या बायका. अण्णा ओट्यावर मांडी घालून बसलेले असत. समोरचीचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याखालचं हाड हळूच आत दाबायचं, तळवा होडीसारखा चिंचोळा करायचा आणि बांगडी अशी सरकवायची की तिला कळायच्या आत ती मनगटावर. सगळा वेळ तोंडाने विचारपूस चालू. कुठल्या गावच्या, पाऊस कसा झाला, लेकीला किती मुलं. बोलण्यात गुंतली की बाईचा हात सैल पडतो, ही त्यातली खरी कला. मी शाळेतून आलो की दप्तर टाकून अण्णांच्या शेजारी बसे. माझ्यापुढे गल्लीतल्या पोरी बसवल्या जात, कारण पोरींचे हात मऊ असतात आणि त्या ओरडल्या तरी गिऱ्हाईक जात नाही. आठवी संपेपर्यंत मी कुणालाही न दुखवता बांगडी भरू लागलो होतो. मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. थोरला भाऊ सातपूरला कंपनीत लागला आणि त्याने धंद्याला रामराम ठोकला, तेव्हापासून अण्णांचीही सगळी भिस्त माझ्यावर होती.

अण्णांना एका गोष्टीचा फार अभिमान होता, तो म्हणजे त्यांच्या नजरेचा. चिमणीच्या उजेडातसुद्धा ते पोपटी, मेंदी, पानाचा हिरवा आणि गर्द हिरवा वेगळा काढत. बाईने लुगड्याचा रंग नुसता सांगितला तरी तिला जुळणारी बांगडी काढून देत. "रंग आमच्या रक्तात हाय," ते म्हणत. "माझ्या आज्याला होता, माझ्या बापाला होता. खाण तशी माती." असं म्हणून ते माझ्याकडे बघत आणि मी मान डोलावत असे. खरं सांगायचं तर त्यांचं काय चाललंय ते मला समजत नसे. हिरवी बांगडी म्हणजे वरून दुसऱ्या फळीवरच्या खोक्यांतली, लाल म्हणजे खालच्या फळीवरची, कथ्थई म्हणजे दाराजवळच्या कोनाड्यातली. रंग असे जागेवरून पाठ करायचे असतात अशीच माझी समजूत होती. सगळ्यांचं पाठांतर माझ्यापेक्षा चांगलं आहे एवढंच मला वाटे, आणि पाठांतरात मी पाढ्यांपासूनच कच्चा होतो. चित्रकलेच्या मास्तरांनी माझ्या झाडाची तपकिरी पानं बघून "पानगळ का रे?" असं विचारलं, तेव्हा मी हो म्हणालो. पाठीवर थाप मिळाली. असं निभत होतं.

माझं काही चुकलं, म्हणजे आईने लाल मिरची मागितली आणि मी हिरवी नेऊन दिली, की आई हसून म्हणायची, "मामावर गेलाय." मामा म्हणजे तिचा धाकटा भाऊ बबनमामा, चांदवडचा. घराणं कासाराचंच, पण मामाने बांगड्या सोडून कांदा लावला होता. हा मामा म्हणजे आमच्या घरातली करमणूक. एका पोळ्याला त्याने बैलांची शिंगं रंगवली, एक लाल आणि एक हिरवं, आणि दोन्ही एकाच डब्यातल्या रंगाने रंगवली असं छातीठोकपणे सांगितलं. एक साल त्याने टोमॅटो केला आणि निम्मा कच्चा तोडून बाजारात नेला. व्यापारी हसले. मामाही त्यांच्याबरोबर हसला, आणि पुन्हा कांद्याकडे वळला. आई ते 'मामावर गेलाय' लाडाने म्हणायची. अण्णा तेच शब्द म्हणत, तेव्हा मात्र आई पोळपाट जरा जोरात आपटायची.

त्या वर्षी दिवाळीला दुकानाला चुना काढला. खोकी सगळी घरात आणली, फळ्या धुतल्या आणि आईने सगळं पुन्हा लावलं. आता तिच्या हाताला सोयीचं पडेल तसं. तुळशीचं लग्न झालं आणि पहिलंच आमंत्रण गिरणाऱ्याचं आलं. टोमॅटोवाल्या एका बऱ्या घरातली लेक, शैला तिचं नाव. नवरीचा चुडा भरायला कासाराला मानाने घरी बोलावतात. चुडा हिरवाच असतो. त्यात दुसरा रंग गेला तर म्हाताऱ्या बायका आठवडाभर कुजबुजतात आणि कासाराचं नाव जन्मभर लक्षात ठेवतात. दुकानात गर्दी होती, म्हणून अण्णांनी मान न वळवता मला सांगितलं, "नवरीचा चुडा काढून ओवून ठेव." मी दुसऱ्या फळीवरून खोकं घेतलं. मापाच्या बांगड्या निम्म्याच निघाल्या, म्हणून शेजारचं खोकं घेतलं. तिथेही नेहमी हिरव्याच असत. बोटाने माप बघितलं, कानाने चीर बघितली, सगळा चुडा दोरीत ओवला आणि फडक्यात बांधला. त्या शेजारच्या खोक्यात आता कथ्थई होत्या. आईने ठेवताना कोनाडा मोकळा केला होता, देवाची समई ठेवायला.

गिरणाऱ्याला एसटीतून उतरलो. गावात अजून एका घरी बोलावणं होतं, तेव्हा अण्णांनी मला पुढे धाडलं. "पोरीबाळींना भरायला घे. नवरीला हात लावू नको, मी येतोच." अंगणात मांडव पडलेला, एका बाजूला टोमॅटोची खोकी रचलेली, आत बायका जात्यावर हळद दळत गाणी म्हणत होत्या. मी ओट्यावर घोंगडी टाकून दोन-चार पोरींचे हात भरले. तेवढ्यात नवरीच येऊन समोर बसली.

"मला भर," ती म्हणाली.

"अण्णा येणार आहेत."

"अण्णा येईपर्यंत मला आत हळदीला बसवतील. तिथं त्या सगळ्या मला रडवायचं ठरवून बसल्यात. त्यापेक्षा इथं बरं. कितवीला आहेस?"

"नववीला."

"मी नाशिकला बीएस्सीला आहे, शेवटच्या वर्षाला. परीक्षा लग्नानंतर द्यायची ठरलीय. बघू, सासरचे देऊ देतात का." असं म्हणून तिने हात पुढे केला.

नवरीचा पहिला चुडा माझ्या हातून भरला जाणार, या आनंदात मी अण्णांचं बजावणं विसरलो. शैलाताईचा हात थोडा रुंद होता, पण मी तिला कॉलेजबद्दल विचारत राहिलो, आणि बेडूक कापायचा असतो हे ऐकून मीच इतका गुंगलो की दोन्ही हात भरून कधी झाले ते कळलं नाही. एकही बांगडी वाढली नाही. ती अधूनमधून मनगटाकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची आणि गप्प राहायची. पुढे तिने मला सांगितलं, "तिसऱ्या-चौथ्या बांगडीलाच माझ्या लक्षात आलं होतं. पण तू इतक्या निश्चिंत मनाने भरत होतास, की मला शेवटपर्यंत बघायचं होतं."

तिची काकू चहा घेऊन बाहेर आली आणि कपबशी हातातच राहिली. "आगं बया, ही कसली काकणं? निम्मी हिरवी न निम्मी मातीच्या रंगाची. नवरीच्या हातात?" जातं थांबलं. आतल्या बायका ओट्यावर आल्या. आणि नेमके त्याच वेळी फाटकातून अण्णा आले. त्यांनी शैलाताईच्या हातांकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"दिगू, हे काय भरलंस?"

"हिरवा चुडा," मी म्हणालो.

कुणीतरी फिसकन हसलं. मी उलट उत्तर देतोय असंच सगळ्यांना वाटलं, अण्णांनाही. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तुझ्या भावानं निदान सांगून धंदा सोडला," ते हळू आवाजात म्हणाले. "तुला नको आसंल तर तसं बोल. आमच्या नावाला काळं फासून कशाला सोडतो? उद्यापासून माझ्या शेजारी बसायचं नाय."

मला जे एकच हवं होतं ते माझ्या हातून गेलं, आणि का गेलं तेही मला कळत नव्हतं. मी बांगड्यांकडे बघत होतो. मला त्या सगळ्या सारख्याच दिसत होत्या.

"अण्णा, थांबा जरा," शैलाताई म्हणाली. नवरीने मध्ये बोलायचं नसतं, पण ती बोलली. "दिगू, त्या खोक्यातले पिकलेले टोमॅटो वेचून आण बरं." मी गेलो आणि एकेक दाबून बघू लागलो. "दाबायचं नाही. हात मागे बांध आणि नुसतं बघून सांग." मी हात मागे बांधले, खोक्यापुढे उभा राहिलो आणि तसाच उभा राहिलो.

"हा मस्करी करत नाहीये," ती म्हणाली. "याला दिसतच नाही. लाल, हिरवा, तपकिरी, याला सगळं जवळपास एकच. दिगू, तुझ्या आईला रंग कळतात?"

"हो."

"आणि मामा आहे का? त्याला?"

मी काही म्हणायच्या आत अण्णांच्या तोंडून निघून गेलं, "त्यानं बैलाचं एक शिंग लाल रंगवलं न एक हिरवं." सगळा ओटा हसला. काकूसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. अण्णा मात्र हसले नाहीत. ते शैलाताईच्या समोर घोंगडीवर टेकले आणि म्हणाले, "मामाचा हेच्याशी काय संबंध, ते सांगा."

त्यानंतर तिने जे सांगितलं ते मी पुढे पुस्तकांत पुष्कळदा वाचलं, पण इतकं सोपं कुठे सापडलं नाही. तिने माझ्या गाठोड्यातून बांगड्या काढल्या आणि अण्णांच्या मनगटातलं तांब्याचं कडं मागून घेतलं. प्रत्येकाच्या शरीरात आईबापाकडून आलेल्या गुणसूत्रांच्या जोड्या असतात, ती म्हणाली, अशा पुष्कळ. त्यातली एक जोडी मुलगा की मुलगी हे ठरवते. बाईकडे त्या जोडीत दोन्ही बांगड्या असतात. पुरुषाकडे एक बांगडी आणि एक कडं. लाल-हिरवा ओळखायचं कसब लिहिलेलं असतं बांगडीवर. कड्यावर त्यातलं काही नसतं. "आता दिगूच्या आईकडे या दोन," असं म्हणून तिने दोन बांगड्या मांडल्या. "एक धड, एक चीर गेलेली. तिला काही अडत नाही, कारण धड बांगडी काम भागवते. पण मूल होताना दोनातली एकच द्यायची असते, आणि कुठली जाईल ते तिच्या हातात नसतं. मुलगा झाला म्हणजे बापाकडून कडं आलं." तिने अण्णांचं कडं चीर गेलेल्या बांगडीशेजारी ठेवलं. "हा दिगू. याच्याकडे दुसरी बांगडीच नाही, मग ही चीर झाकणार कोण? मामाचंही असंच, त्याच्या आईकडून आलेलं."

"आणि आमच्या दादाला?" मी विचारलं. "त्याला सगळं दिसतं."

"त्याला आईची धड बांगडी मिळाली. नशीब."

त्या क्षणी मला झालेला आनंद अजून आठवतो. मी मठ्ठ नव्हतो, माझं पाठांतर कच्चं नव्हतं, मी कुणाच्या नावाला काळं फासत नव्हतो. एका बांगडीला चीर होती, बस्स. आमच्या धंद्यात तर हे रोजचंच. मी अण्णांकडे बघितलं, त्यांनाही हायसं वाटलं असेल म्हणून. ते त्या कड्याकडे टक लावून बसले होते.

"म्हंजी," त्यांनी सावकाश विचारलं, "माझी नजर ह्याला येणारच नव्हती? मी दिली म्हटली तरी?"

"या बाबतीत नाही, अण्णा. मुलाला बापाकडून इथं फक्त कडंच जातं." मग त्यांचा चेहरा बघून ती घाईने म्हणाली, "बाकी पुष्कळ गेलंय की. ते नाक तर तुमचंच आहे." बायका पुन्हा हसल्या, कारण आमची नाकं खरोखरच लपण्यासारखी नाहीत. पण अण्णांना नाकाचं कौतुक नव्हतं. त्यांच्या आज्यापासून चालत आलेली नजर त्यांच्यापाशी येऊन थांबली होती, आणि दुसऱ्याच्या मांडवात, एका नवरीने, ते त्यांना सांगितलं होतं.

कथ्थई काकणं अण्णांनी स्वतः काढली. नवरीच्या हातातून काढायला जिवावर येतं, पण त्यांनी तिचा तळवा असा दाबला की एकही वाढली नाही. मग दुसऱ्या घरासाठी आणलेल्यांतल्या हिरव्या काढून ते भरायला बसले, तेव्हा शैलाताईने हात मागे घेतला. "दिगूलाच भरू द्या. याच्या हातून दुखत नाही. तुम्ही एकेक काढून द्या." काकूने भुवया चढवल्या, पण नवरीपुढे कोण बोलणार? अण्णा एकेक बांगडी बघून माझ्या हातात देत गेले आणि मी भरत गेलो.

घरी आल्यावर आईने फुणके आणि कढी वाढली. डाळीचे ते वाफवलेले मुटके अण्णांच्या आवडीचे, पण त्यांनी ताट बाजूला सारलं आणि आईला एवढंच म्हणाले, "तुझ्या माहेरचं देणं निघालं." मी आईला सगळं सांगितलं, बांगड्या आणि कडं मांडून दाखवलं. ती कढीचा डाव हातात धरून ऐकत होती. माझं झाल्यावर ती अण्णांकडे वळली. "दोन होत्या ना माझ्याकडं? मग थोरल्याला धड गेली, तीपण माझीच. त्याची नजर बघून तर 'आमचं रक्त' म्हणत गावभर मिरवलात. तेव्हा नाही आठवलं माझं माहेर." अण्णांनी गुपचूप ताट पुढे ओढून फुणके खाल्ले. माझ्या आईची शाळा चौथीला सुटली होती; पण मांडलेलं गणित तिने असं सोडवलं की आजही कुणी मला आनुवंशिकतेचं काही समजावू लागलं, की मला आधी तो कढीचा डाव दिसतो.

पुढच्या आठवड्यात मामा आला, कांद्याची गोणी घेऊन. अण्णांच्या मनात अजून शंका असावी. त्यांनी परातीत हिरव्या, कथ्थई, लाल, पिवळ्या, निळ्या बांगड्या एकत्र ओतल्या, मला आत पाठवलं आणि मामाला रंगवार ढीग लावायला सांगितलं. त्याचे ढीग बघून झाले. मग सगळं पुन्हा कालवलं आणि मला बसवलं. मी ढीग लावले. अण्णा आणि आई एकमेकांकडे बघायला लागले. आम्ही दोघांनी तंतोतंत सारखेच ढीग लावले होते. पिवळा वेगळा, निळा वेगळा, आणि हिरव्या-कथ्थईचा एक मोठा ढीग, त्यात गर्द लालही थोड्या.

"अरे, ह्यात तीन रंग हायेत," अण्णा त्या मोठ्या ढिगावर हात ठेवून म्हणाले.

मामाने ढीग निरखला, माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. "दाजी," मामा समजुतीच्या सुरात म्हणाला, "एकच माल हाय ह्यो. आम्ही दोघं सांगून राहिलो, तुम्ही एकले. डोळे दाखवा एकदा नाशिकला."

अण्णा आधी नुसते बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून हसू वर आलं आणि ते आवरेना. आई भिंतीला टेकून हसत होती, मी हसत होतो, आणि आपण काय एवढं बोललो ते न कळूनही मामा सगळ्यांत जास्त हसत होता. हसणं ओसरल्यावर मामा परातीतली बांगडी बोटावर फिरवत म्हणाला, "मला भरायला लय आवडायचं, दाजी. पण बापाला वाटायचं मी मुद्दाम कालवाकालव करतो. एक दिवस दुकानातून उठवलं त्यानं. मंग कांदा लावला. कांद्याला नजर नाय लागत, पाठ लागते." हे त्याने कधीच सांगितलं नव्हतं. आई त्याच्याकडे बघतच राहिली. मामा गेल्यावर अण्णांनी फळीवरची खोकी पुन्हा जुन्या जागी लावली, समई कोनाड्यातून हलवली, आणि मला म्हणाले, "उद्या शाळंतून आला की बस शेजारी."

पण शेजारी बसणं वेगळं आणि चुडा भरणं वेगळं. दुकानात मी यात्रेकरूंचे हात भरत असे, रंग अण्णा काढून देत. लग्नघरी मात्र अण्णा मला गाठोडं उचलायलाच नेत. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ती लग्नसराई अशीच गेली, आणि तिच्यानंतरचीही.

आता माझ्या नातवाने मला मोबाइलवर एक सोय करून दिली आहे. बांगडीपुढे धरला की मोबाइल रंगाचं नाव बोलतो. गिऱ्हाइकं हसतात आणि एखादी बांगडी जास्त घेतात. माझ्या मुलाला सगळे रंग दिसतात, त्याला माझ्याकडून कडंच गेलं. मुलीलाही दिसतात. हा नातू तिचा. मोबाइल त्याने आधी स्वतःसाठी असा करून घेतला होता, मग माझ्यासाठी केला. आम्ही दोघे बाजारात टोमॅटो घ्यायला गेलो की भाजीवाली आम्हाला पिशवी स्वतः भरून देते.

तर, त्या दुसऱ्या लग्नसराईनंतर शैलाताईचं डोहाळजेवण आलं. ते माहेरी, गिरणाऱ्यालाच झालं. परीक्षा तिने दिली होती, पासही झाली होती आणि सासरच्या गावी शाळेत शिकवायलाही लागली होती. डोहाळजेवणाला हिरवी काकणं लागतात. निरोप आला तो 'अण्णांनी यावं' असा. त्याच ओट्यावर घोंगडी पडली. शैलाताई हिरव्या साडीत आली. साडी हिरवी होती असं मला सांगण्यात आलं. ती जपून खाली बसली आणि तिने हात पुढे केला, तो माझ्यापुढे. काकू तिथेच उभी होती.

"आण्णा, ह्या टायमाला तुम्हीच भरा हो," काकू म्हणाली. "पोटुशी हाय पोर. मागच्या वेळची आठवण हाय ना? त्या पोराला दिसत नाय."

मी गाठोड्याची गाठ सोडत होतो, ती तशीच धरून राहिलो. दोन वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते आता एका शब्दावर होतं, आणि तो शब्द माझ्या हातात नव्हता. अण्णांनी गाठोडं स्वतःकडे ओढलं. एक बांगडी काढली, उजेडाकडे धरून बघितली, टिचकी मारली, आणि माझ्या हातात ठेवली.

"डोळे त्याच्या मामाचे हायेत," ते काकूला म्हणाले. "हात माझा हाय."

आता शास्त्राच्या हिशेबाने हे साफ चूक. बापाने आयुष्यभर कमावलेलं कसब पोराच्या रक्तात उतरत नाही. उतरत असतं तर कासाराच्या पोरांना पोरींच्या हातांवर शिकावं लागलं नसतं. नववीच्या सुट्टीत मी एवढं वाचलं होतं. शैलाताई तर ते मुलांना शिकवत होती. तिने अण्णांकडे बघितलं, काही सांगायला तोंड उघडलं, आणि मग मिटून घेतलं. कारण हात त्यांचाच होता. रक्तातून आलेला नव्हता. दप्तर टाकून शेजारी बसलेल्या पोराच्या बोटांवर आपली बोटं ठेवून, रोज थोडा थोडा, त्यांनीच तो मला दिला होता. आणि हे त्यांनी आज बायकांनी भरलेल्या ओट्यावर, दुसरी बांगडी निवडता निवडता, मान वर न करता सांगून टाकलं होतं.

मीही मान वर केली नाही. डोळे भरून आले होते, आणि बांगडी भरताना हात हलून चालत नाही.